बर्थलमय कल्याणला आला होता का?

पनवेलहून तळोजा, शिळफाटा करत कल्याण गाठणं हे आज रोजच्या नोकरदाराचं काम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या पट्ट्यात वर्दळ होती, फक्त ती खाडीतून आणि घाटातून चालायची. उल्हास खाडीवर कल्याण, वसईजवळ सोपारा, रेवदंड्याच्या खाडीवर चौल ही त्या काळची बडी बंदरं. बोरघाट चढला की वर कार्ले, भाजे आणि पुढे देश. पनवेल या सगळ्याच्या मधोमध बसतं. याच टापूबद्दल एक दावा गेली सत्तर वर्षं मांडला जातो आहे: येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, बर्थलमय, स्वतः कल्याणला आला आणि त्याने इथे शुभवर्तमान सांगितलं. जेझुइट अभ्यासक ए. सी. पेरुमालिल यांनी १९५२ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या प्रेषितांवरच्या आपल्या पुस्तकात ही बाजू हिरिरीने मांडली. मुंबईचे इतिहासकार जॉर्ज मोराइस यांनी १९६४ मध्ये आलेल्या भारतीय ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात तिला आधार दिला.

हा प्रश्न फक्त चर्चच्या अंगणातला नाही. कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलं जातं की त्याआधीचं कुणी विचारतही नाही. एखाद्या शेजाऱ्याचा धर्म या मातीत किती जुना आहे, हे ठरवताना तरी आपण पुरावा नीट वाचायला हवा. मी तो वाचला तेव्हा मला जे दिसलं ते असं: प्रेषित स्वतः आल्याचा दावा टिकत नाही, पण पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी इथे ख्रिस्ती वस्ती होती हे मात्र भक्कमपणे टिकतं. आणि ती वस्ती उभी राहिली ती नाव न उरलेल्या व्यापाऱ्यांमुळे.

मूळ ग्रंथांपासून सुरुवात करू. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक नावाने सगळ्या प्रेषितांचं असलं तरी आधी पेत्राच्या आणि मग पौलाच्या मागे चालतं. पौल रोममध्ये पहाऱ्यात राहून उपदेश करतो आहे, तिथे ते थांबतं. हिंदुस्थानशी नाव जोडलेला दुसरा शिष्य थोमा, तो योहानाच्या शुभवर्तमानात तरी बोलताना दिसतो. बर्थलमय मात्र शिष्यांच्या यादीतलं एक नाव आहे, त्याहून जास्त काही नाही. बाकीचे शिष्य कुठे गेले, कसे वारले, याची सगळी माहिती पुढच्या दोन-तीनशे वर्षांत लिहिली गेलेली आहे. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं ही कल्पनाही त्याच काळातली.

या कथांपैकी सगळ्यात जिवंत आहे ती थोमाची. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एडेसा शहराच्या परिसरात, सिरियाक भाषेत ती लिहिली गेली असं मानतात. थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान येतो आणि तो जायला नकार देतो. तेव्हा येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला चक्क सुतार म्हणून विकून टाकतो. हब्बान राजा गुंडफर याच्यासाठी कारागीर शोधत आलेला असतो. राजा थोमाला महाल बांधायला पैसे देतो, थोमा ते गोरगरिबांत वाटतो. राजा हिशेब मागतो तेव्हा थोमा सांगतो, तुझा महाल स्वर्गात बांधून झाला आहे. राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो महाल पाहतो आणि परत येऊन तो विकत मागतो. इतिहास म्हणून ही कथा कोण धरणार? एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणी धरतही नव्हतं, कारण गुंडफर नावाचा राजाच कुठे सापडत नव्हता. मग अफगाणिस्तान आणि पंजाबात त्याची नाणी सापडू लागली. पेशावरजवळच्या तख्त-इ-बाही इथला शिलालेख मिळाला, त्यात त्याच्या राज्याचं सव्विसावं वर्ष नोंदलेलं आहे. हिशेब लावला तर ते इसवी सन ४६ च्या आसपास येतं, म्हणजे ऐन प्रेषितांच्या काळात.

नाणी सापडली म्हणून थोमा गुंडफरच्या तक्षशिलेला गेला असं सिद्ध होत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या, दूरच्या, विस्मृतीत गेलेल्या पार्थियन राजाचं नाव एडेसाच्या लेखकाला ठाऊक होतं. ते कुठल्या तरी वाटेने आलं असणार, आणि ती वाट व्यापाऱ्यांचीच असणार. कथेतही थोमाला घेऊन जाणारा व्यापारीच आहे. लेखकाने आपल्या काळातलं वास्तव नकळत त्यात ओतलं आहे असं मला वाटतं: धर्म तेव्हा माल वाहणाऱ्यांच्या सोबतीने चालत होता.

केरळची परंपरा वेगळी. तिथे थोमा इसवी सन ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ, मुझिरिस बंदराच्या परिसरात उतरला आणि पुढे मैलापूरला मारला गेला असं सांगतात. याला समकालीन लेखी पुरावा नाही. पण मुझिरिसचा मिरीचा व्यापार रोमन ग्रंथांत आणि पपायरसवर नोंदलेला आहे, आणि मुख्य म्हणजे ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा समाज तिथे आजही नांदतो आहे. कल्याणच्या दाव्याला नेमकी हीच बाजू नाही. बर्थलमयाची स्थानिक स्मृती कोकणात कुणी वाहून आणलेली नाही, ती ग्रंथांतून विसाव्या शतकात उभी केली गेली.

आता ते ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियसने चर्चचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की अलेक्झांड्रियाच्या धर्मशिक्षणाच्या शाळेचा प्रमुख पँटेनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया’त गेला, तेव्हा तिथल्या काही लोकांकडे हिब्रू अक्षरांत लिहिलेलं मत्तयाचं शुभवर्तमान त्याला आढळलं आणि ते बर्थलमयाने ठेवून दिलेलं होतं. पुढे जेरोमने भर घातली की पँटेनसने ती प्रत अलेक्झांड्रियाला परत आणली. कल्याणचा सगळा डोलारा या एका उताऱ्यावर उभा आहे.

अडचण ‘इंडिया’ची आहे. त्या काळचे ग्रीक आणि रोमन लेखक तांबड्या समुद्राच्या पलीकडचं जवळजवळ काहीही इंडिया म्हणत. येमेन इंडिया, इथिओपियाही इंडिया. बर्थलमयाच्या हौतात्म्याची लॅटिन कथा तर सुरुवातच तीन इंडिया सांगून करते, त्यातली एक इथिओपियाला भिडते आणि एक मीडियाला. युसेबियसचं भाषांतर करणारा रूफिनस बर्थलमयाच्या वाट्याला आलेली इंडिया इथिओपियाला लागून असल्याचं सांगतो. अल्फोन्स मिंगाना या सिरियाक पंडिताने १९२६ मध्येच दाखवून दिलं होतं की पँटेनसची इंडिया बहुधा दक्षिण अरबस्तान असावी. येमेनात ज्यू वस्ती होती आणि हिब्रू अक्षरांतलं पुस्तक तिथे सापडण्यात नवल नाही.

पेरुमालिल यांचं उत्तर हुशारीचं आहे. एका जुन्या ग्रीक नोंदीत बर्थलमय ‘सुखी’ म्हणवल्या जाणाऱ्या इंडियन लोकांकडे गेला असं म्हटलं आहे. सुखी म्हणजे कल्याण, म्हणून कल्याणचे लोक, असा त्यांचा युक्तिवाद. शिवाय हौतात्म्याच्या कथेत पोलिमियस नावाचा राजा येतो, तो सातवाहन पुळुमावी असला पाहिजे, असंही ते म्हणतात. वाचताना क्षणभर पटतं. पण ‘सुखी’ हे विशेषण रोमन जगात येमेनसाठी रूढ होतं, आपण ज्याला अरबस्तान फेलिक्स म्हणून वाचतो तेच ते. पुराणांच्या यादीत पुळुमावी नावाचे एकाहून अधिक राजे आहेत. शिलालेखांतून ज्याला आपण ठळकपणे ओळखतो तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी बहुतेक अभ्यासक दुसऱ्या शतकात ठेवतात, आणि तोवर बर्थलमय जिवंत असणं शक्य नव्हतं. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर इतिहास रचायचा नसतो. आर्मेनियाचं चर्च तर बर्थलमय आपल्याकडे मारला गेला असं ठामपणे मानतं, आणि तिथे त्याची परंपरा फार जुनी आहे.

बंदराचा पुरावा याहून रंजक आहे. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशाचं टिपण पहिल्या शतकाच्या मध्यावरचं, म्हणजे थोमा-बर्थलमय जिवंत असतील तेव्हाचं. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. कल्याणबद्दल तो म्हणतो की थोरल्या सारगनसच्या काळात ते अधिकृत व्यापारपेठ होतं, पण सँडनीसच्या हाती गेल्यापासून तिथे अडवणूक होते, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ. अलेक्झांड्रियाहून निघालेला प्रवासी ज्या काळात कल्याणला यायला हवा, नेमक्या त्याच काळात कल्याणचं बंदर परकीय जहाजांना धोक्याचं होतं. यातून तो आलाच नाही असं सिद्ध होत नाही, भडोचहून खुष्कीच्या वाटेने किंवा स्थानिक होडीने येता येत होतं. पण ‘ग्रीक जहाजं कल्याणला येत होती, म्हणून प्रेषितही आला’ हा सरळ युक्तिवाद मात्र मोडतो.

आणि पश्चिमेकडून जे आले त्यांनी मागे काय ठेवलं तेही पाहावं. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांची नावं आहेत. कान्हेरीला कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून निघालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकडचे लोक आणि वस्तू इथे येत होते, यात शंका नाही. पण इथे स्थिरावलेले यवन बौद्ध संघाला दान देताना दिसतात. पहिल्या-दुसऱ्या शतकातला एकही ख्रिस्ती लेख वा चिन्ह कोकणात सापडलेलं नाही.

पनवेलकरांच्या थेट अंगणातला मुद्दा बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचा. पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग आहे. अलिबागजवळ नवगाव किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचाच हा वंश, अशी त्यांची परंपरा. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. जवळजवळ सगळं विसरूनही त्यांनी ‘शेमा’ ही प्रार्थना जपली होती. बर्थलमयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात: हिब्रू अक्षरांतलं शुभवर्तमान ज्यांना वाचता येईल असे ज्यू कोकणात आधीपासून होतेच, मग प्रेषिताला इथे येण्याचं कारणही होतं. सुरुवातीचे प्रेषित गावोगावच्या सिनेगॉगमध्येच आधी जात, हे पौलाच्या प्रवासांतून दिसतं, त्यामुळे हा विचार अगदीच हवेतला नाही.

पण कालगणना इथेही साथ देत नाही. जहाज फुटल्याची तारीख इसवी सनापूर्वीची सांगतात, ती परंपरेतली. बेने इस्राएलांचा स्पष्ट लेखी उल्लेख मिळतो तो अठराव्या शतकात, १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय असा दोन्ही वंशांचा वाटा असल्याचं दाखवलं, आणि हा मिलाफ सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा असल्याचा अंदाज दिला. मिलाफाची वेळ म्हणजे आगमनाची वेळ नव्हे, हे खरं. तरीही पहिल्या शतकात पनवेल-अलिबागच्या किनाऱ्यावर ज्यू वस्ती होती असं या आधारावर म्हणता येत नाही. आणि ज्यांना शेमापलीकडे हिब्रू उरलं नव्हतं त्या समाजाच्या पूर्वजांनी हिब्रू पुस्तक दीडशे वर्षं सांभाळलं, हे गृहीत धरायलाही काही आधार लागतो. बेने इस्राएलांची स्वतःची कहाणी इतकी विलक्षण आहे की तिला दुसऱ्याच्या दाव्याचा टेकू करू नये, असं मला मनापासून वाटतं.

इथवर पाडण्याचंच काम झालं. आता उभं काय राहतं ते पाहू, आणि ते थोडं नाही.

सहाव्या शतकात कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, जो पुढे साधू झाला, त्याने आपल्या समुद्रप्रवासांच्या आधारे एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की श्रीलंकेत पर्शियन ख्रिस्त्यांचं चर्च आहे, मिरी पिकते त्या मले प्रदेशात ख्रिस्ती आहेत, आणि कल्याना नावाच्या ठिकाणी तर बिशपही आहे, ज्याची नेमणूक पर्शियातून होते. याच कल्यानाहून तांबं, शिसवासारखं लाकूड आणि कापड बाहेर जातं, असंही त्याने नोंदवलं आहे. काही विद्वानांनी हे कल्याना म्हणजे उडुपीजवळचं कल्याणपूर असावं असं सुचवलं आहे. पण किनाऱ्यावरची बंदरं कोस्मास ज्या क्रमाने सांगतो आणि जो माल सांगतो, तो आपल्या कल्याणला जास्त जुळतो असं माझं मत आहे. हा माणूस समुद्रावर फिरलेला होता, आणि बिशप कुठून येतो हे सांगण्यात त्याला कल्याणचं माहात्म्य वाढवायचं नव्हतं. प्रेषिताच्या कथांपेक्षा अशा सहज नोंदीचं वजन जास्त असतं.

बिशप आहे म्हणजे त्याच्या हाताखाली पुरोहित आहेत, बाप्तिस्मा देण्याजोगी मुलं आहेत, प्रार्थनेला जागा आहे. इराणच्या आखातातून दरवर्षी मोसमी वाऱ्यावर येणारे पर्शियन व्यापारी, त्यांच्यातले इथेच राहिलेले, त्यांची इथली घरं, असा हा समाज असणार. सातव्या शतकाच्या मध्यावर पूर्वेच्या चर्चचा प्रमुख इशोयाह्‌ब तिसरा, पर्शियातल्या रेव-अर्दशीरच्या महाधर्माध्यक्षाला लिहिलेल्या पत्रांत, हिंदुस्थानातल्या ख्रिस्त्यांना वेळेवर बिशप मिळत नाहीत म्हणून खडसावताना दिसतो. त्याच जाळ्याची खूण गोव्यातही मिळाली. २००१ मध्ये झुआरीच्या काठी आगशी इथे फादर कॉस्मे कोस्ता यांना पहलवी या जुन्या पर्शियन लिपीतली अक्षरं कोरलेला दगडी क्रॉस सापडला. तसे क्रॉस केरळात आणि मैलापूरजवळच्या टेकडीवर आहेत.

मग १३२१ चं ठाणं. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, जॉर्डानस या डॉमिनिकनसोबत ठाण्याला उतरले. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, हे पुढच्याच काळात तिथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. पाहुणे त्यांच्यातल्याच एका घरी राहिले. जॉर्डानस गुजरातेकडे गेला, कारण तिकडे नावापुरते ख्रिस्ती होते आणि त्यांना बाप्तिस्माही मिळालेला नव्हता. इकडे घरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे गेली. साक्षीला कोण, असं काझीने विचारल्यावर तिने सांगितलं, घरात उतरलेले चार फिरंगी साधू. साधूंना बोलावलं गेलं, साक्षीवरून गोष्ट धर्मावर गेली, धर्मावरून पैगंबरांवर, आणि एप्रिल महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने चौघेही मारले गेले. जॉर्डानसने त्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ओडोरिकने नंतर ती हाडं काढून जहाजाने थेट चीनपर्यंत नेली. तोलेंतिनोच्या थॉमसला १८९४ मध्ये धन्य घोषित करण्यात आलं.

या प्रसंगात लोकांचं लक्ष हौतात्म्याकडे जातं. माझं लक्ष त्या बाईकडे जातं. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण तिच्यामुळे आपल्याला कळतं की चौदाव्या शतकाच्या ठाण्यात एक ख्रिस्ती गृहिणी होती, तिला नवऱ्याविरुद्ध काझीकडे दाद मागता येत होती, आणि तिच्या घरात परदेशी धर्मबंधूंना जेवणपाणी मिळत होतं. वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, वसई पोर्तुगीजांच्या हाती जायला दोनशेहून अधिक.

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई मिळवल्यावर जे चर्च वाढलं ते वेगळ्या मुळाचं, रोमच्या आणि पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखालचं. त्याच काळात वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापलं. तो अध्याय सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे लांबवत नाही. त्याने आधीच्या अध्यायाला झाकून टाकलं, एवढंच नोंदवतो.

केरळच्या सिरो-मलबार चर्चने १९८८ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या आपल्या लोकांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याला नाव दिलं कल्याण. थोमाची परंपरा सांगणारी मल्याळी कुटुंबं आज खारघरला आहेत, कामोठ्याला आहेत, नवीन पनवेलला आहेत. कोस्मासने नोंदवलेल्या बिशपच्या गावाचं नाव चौदाशे वर्षांनी पुन्हा धर्मप्रांताला लागलं, तेही पर्शियाशी नातं सांगणाऱ्या पौर्वात्य परंपरेच्या चर्चकडून.

बर्थलमयाचा प्रश्न ग्रंथांवरून आता आणखी पुढे सरकणार नाही, त्यांतलं सगळं वाचून झालं आहे. कल्याणच्या पर्शियन ख्रिस्त्यांचा प्रश्न मात्र जमिनीत आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले, चौलला सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. जुनं कल्याण आजच्या दाट वस्तीखाली आहे, आणि उल्हासच्या खाडीकाठी रोज पाया खणला जातो आहे, गाळ उपसला जातो आहे. आगशीचा क्रॉस असाच नदीकाठी मिळाला होता. कल्याण-ठाण्याच्या खोदकामात कोरीव दगड वर आला तर तो भिंतीत जाण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे आणि पहलवी, सिरियाक अक्षरं ओळखणाऱ्या माणसाकडे गेला पाहिजे, आणि त्यासाठी ठेकेदारांना, नगर अभियंत्यांना ती अक्षरं कशी दिसतात हे आधी दाखवून ठेवलं पाहिजे.